बंदुकीच्या नळीवरची अक्षरं

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी खानदेशातल्या जुन्या वाड्यांमधून भिंतीवरची हत्यारं खाली उतरतात. तलवार, कट्यार, आणि एखाद्या घरी पुरुषभर उंचीची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक. मग चिंच येते, राख येते, हल्ली हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपरही येतो. लोखंड लखलखेपर्यंत घासायचं, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. या पूजेमागची भावना खरी असते आणि मला तिचा आदर आहे. पण त्या तासाभरात बंदुकीवरून जे पुसलं जातं ते सहसा पुन्हा मिळत नाही.

आधी किमतीचं पाहू. २०२१ साली अमेरिकेत एका लिलावात कोल्ट कंपनीचं एक साधं रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेलं. त्यावर सोनं नाही, नक्षी नाही. त्याच नमुन्याची हजारो रिव्हॉल्व्हरं कारखान्यातून बाहेर पडली होती. पण १८८१ साली शेरीफ पॅट गॅरेटने ‘बिली द किड’ या कुख्यात गुन्हेगाराला ज्या रिव्हॉल्व्हरने मारलं ते हेच, हे त्याच्या अंगावरचा क्रमांक आणि सोबतचे कागद मिळून सिद्ध करत होते. जुलै २०२४ मध्ये फ्रान्समध्ये नेपोलियनच्या दोन पिस्तुलांना १६ लाख ९० हजार युरो आले. १८१४ साली गादी सोडावी लागल्यावर याच पिस्तुलांनी तो जीव देणार होता, पण जवळच्या माणसाने त्यांतली दारू आधीच काढून टाकली होती, अशी त्यांची हकीकत सांगतात. लिलावाच्या तोंडावर फ्रान्स सरकारने त्यांना राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर नेण्याला आडकाठी केली. कोल्टचंच १८४७चं ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर आणखी वेगळ्या कारणाने दुर्मीळ आहे. ते बनलंच जेमतेम अकराशे. दारू भरपूर मावायची, पण त्या काळच्या लोखंडाला तिचा जोर पेलवत नसे, आणि त्यातली कितीतरी वापरात असतानाच फुटली. जी उरली त्यातल्या एकाला २०१८ साली १८ लाख डॉलरांच्या वर किंमत आली.

या तिन्ही ठिकाणी पैसे मोजले गेले ते पुराव्याला. ही वस्तू कुणी केली, केव्हा केली, कुणाच्या हातात होती, हे त्या वस्तूवर आणि तिच्या कागदांवर वाचता येतं म्हणून.

आणि हे शहाणपण आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी होतं. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या बंदूकखान्याचं वर्णन केलं आहे. तिथल्या प्रत्येक नळीवर लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं, कारागिराचं नाव, बंदूक कुठे घडली, तारीख आणि क्रमांक एवढं सगळं कोरलं जाई. आजच्या संग्राहकाला याहून जास्त काय हवं असतं? हाच अबुल फजल पुढे असीरगडच्या वेढ्यात स्वतः हजर होता. १६०१ साली तो किल्ला पडला, फारुकींचं राज्य संपलं आणि खानदेश मोगलांकडे गेला. अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ हे नावही देऊन पाहिलं. ते टिकलं नाही.

अबुल फजलने नळी घडवण्याची जी रीत लिहून ठेवली आहे ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आधीच्या काळी लोखंडाचा पत्रा ठोकून गोल करत आणि त्याच्या दोन कडा लांबीच्या दिशेने जोडत. अशा नळ्या फुटायच्या, माणसं दगावायची. नव्या रीतीत लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळायची, फेटा बांधताना पदर पदरावर चढवतात तशी, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवून भट्टीत तापवत ठोकून एकजीव करायचा.

यामागचं विज्ञान आजचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षात शिकतो. नळीत दारू पेटली की वायूचा दाब सगळीकडे सारखाच पडतो, पण नळीच्या भिंतीत निर्माण होणारा ताण सगळीकडे सारखा नसतो. घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून नळी फाटते ती उभी. आता जोड उभाच असेल तर हा दुप्पट ताण नेमका त्या जोडाला उघडायला जातो. जोड तिरका केला की तो ताण वाटला जातो. शिवाय जुन्या पद्धतीच्या घडीव लोखंडात मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना त्यात राहिलेल्या कचऱ्याचे, बारीक धागे असतात आणि ते पट्टी ठोकताना तिच्या लांबीत पसरतात. लाकूड जसं रेषांच्या दिशेने मजबूत, तसं हे लोखंडही. पट्टी नळीभोवती गुंडाळली की या रेषा घेराभोवती फिरतात, म्हणजे जिथे ताकद हवी तिथेच येतात. भट्टीसमोरच्या कारागिराला समीकरण माहीत नव्हतं. फुटलेल्या नळ्या मात्र त्याने पाहिल्या होत्या.

चांगल्या जुन्या नळीवर भिंग धरलं तर हे वेढे दिसतात. तिरप्या, नागमोडी, फिकट आणि गडद रेषा, ज्यांना जाणकार जौहर म्हणतात. कुठे लोखंड आहे, कुठे पोलाद, एका वेढ्याची रुंदी किती, कारागिराचा हात कुठे चुकला, सगळं त्यात उमटलेलं असतं. हा लेख लिहावासा वाटला तो या रेषांसाठी, कारण पॉलिश पेपर पहिल्यांदा त्यांच्यावरच चालतो.

पेटवण्याच्या तऱ्हेवरूनही बंदुकीचं वय कळतं. सर्वांत जुनी तोड्याची, म्हणजे धुमसत्या वातीची. नळीच्या बाजूला एक बारीक भोक, त्याला कान म्हणतात. कानाशी छोटी वाटी, वाटीत रंजक म्हणजे बारीक दारू, आणि खटका दाबला की जळता तोडा त्यावर टेकतो. युरोपात तोडा मागे पडला तरी आपल्याकडे तो एकोणिसाव्या शतकातही चालू होता. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा इथल्या गढ्यांमधले अरब शिपाई तोड्याच्या बंदुकांनीच लढत होते. याला मागासलेपण म्हणणं मला पटत नाही. तोड्याची बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शकतो, तिला भाग कमी, आणि लांब नळीमुळे नेमही चांगला.

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटते. ठिणगी पडते ती पोलादाच्या खरवडून निघालेल्या बारीक किसाची, जो तापून हवेत जळतो. पण रंजक आधी भपकन पेटायचं आणि गोळी क्षणभराने सुटायची. तेवढ्यात पक्षी उडून जायचे. शिकारीचा षौक असलेला स्कॉटलंडमधला पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ याला हे सहन होईना. त्याने ठोका बसताच पेटणारं रसायन वापरून नवी रचना केली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे असं रसायन भरलेली तांब्याची टोपी आली, आणि टोपी, दारू व गोळी पितळी पुंगळीत एकत्र आल्यावर आजचं काडतूस झालं. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसं बनतात, ती याच वाटेवरची पुढची पायरी.

आता गंजाकडे येऊ. काळी दारू म्हणजे सुमारे पाऊण भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), उरलेला कोळसा आणि गंधक. ती पेटल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भागाचा वायू होत नाही, तर घन क्षार होतात. त्यातले काही धुरासोबत बाहेर जातात आणि उरलेल्यांची राखाडी पुटं नळीत बसतात. हे पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात, म्हणून वापरलेली नळी आतून खात जाते. बाहेरचा जुना तपकिरी थर मात्र पुष्कळदा घट्ट आणि शांत झालेला असतो. कित्येक कारागीर तर मुद्दाम मंद गंज चढवून तो रंग आणत. चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं. खाली उघडं पडलेलं ताजं लोखंड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजतं, पुन्हा घासलं जातं, आणि दर वर्षी नळीची साल निघत राहते. कोरलेली अक्षरं मुळातच उथळ असतात. कोफ्तगिरीचं सोनं तर त्याहून नाजूक. लोखंडावर सुईने आडव्या-उभ्या बारीक चिरा पाडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवलेली असते, ती केवळ त्या चिरांच्या पकडीवर टिकते. खोबरेल तेलही निरुपद्रवी नाही. ते खवट झालं की त्यातली आम्लं पितळी पट्ट्यांवर हिरवा मेणचट थर धरतात.

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपाशी जातो, मग आषाढात हवा ओली होते. या हेलकाव्यात लाकडी दस्ता आकसतो, फुगतो आणि चिरतो. बंदूक स्वयंपाकघराच्या भिंतीला किंवा गच्चीखालच्या खोलीत टांगू नये. कोरडं मऊ सुती कापड, हातात मोजे, आणि संग्रहालयात वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचं पातळ बोट, इतकं पुरे. झेंडूची माळ शेजारी ठेवली तरी पूजा होते.

जत्रेत आणि जुन्या बाजारात ‘शिवकालीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुकांविषयीही बोललं पाहिजे. ठळक इंग्रजी अक्षरांत ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि सतराशे अमुक साल कोरलेली चकमकीची बंदूक दिसली की सावध व्हावं. कंपनीच्या खऱ्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराचा छाप असे, नंतरच्यांवर सिंहाचा. स्क्रू काढून पाहावेत. सगळ्यांचे आटे अगदी एकसारखे यंत्राचे असतील तर ते मागाहूनचे आहेत, कारण आट्यांचं प्रमाण ठरवण्याची सुरुवातच जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली केली. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत तर नळी दस्त्याला बहुधा तारेने, चामड्याच्या वादीने किंवा पट्ट्यांनी बांधलेली असते. पुसलेला छाप मात्र कायमचा गेला असं प्रत्येक वेळी समजू नये. ठसा मारताना खालच्या धातूचे स्फटिकही दबतात, आणि पृष्ठभाग घासला गेला तरी योग्य आम्ल लावल्यावर तो दबलेला भाग वेगळा झिजून अंक पुन्हा दिसू शकतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात. पण घासणं फार खोल गेलं असेल तर तिथे वाचायला काहीच उरत नाही.

एक धोका कळकळीने सांगतो. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून दिसत नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. नळीच्या तोंडासमोर कुणीही उभं न राहता लाकडी काठी अलगद आत सरकवावी, तोंडापाशी खूण करावी, मग तीच काठी नळीवर बाहेरून ठेवून पाहावी. काठीचं टोक कानाच्या चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. पुढे हात लावू नये, तापवू नये, लोखंडी गज घालू नये. पोलीस ठाण्यात कळवावं.

कायद्याचंही थोडक्यात. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५मध्ये जुन्या घडणीच्या, पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा शस्त्रांना सवलत आहे. आपली बंदूक त्यात बसते का, हे मात्र घरी ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती खाजगी माणसाला परदेशात पाठवता येत नाही.

बंदुकीचे फोटो काढताना कान, दस्त्याची आतली बाजू आणि नळीचा मागचा भाग जवळून घ्यावा, प्रकाश तिरपा पाडावा, म्हणजे उथळ अक्षरं सावलीने उठून दिसतात. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून ती कुणाची, कुठून आली, हे तारखेसह लिहून घ्यावं. आणि माळ्यावरच्या पेटीतली मोडी कागदं रद्दीत देऊ नयेत. त्यातली एखादी सनद किंवा जुना परवाना तिच्याबद्दलचाच असू शकतो. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आणि अशा कागदांचं मोल जाणणारी संस्थाही खानदेशातच आहे. धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून हेच काम करत आलं आहे.