रात्रीचा प्रवाह वेगळा, रात्रीचा प्राणवायू वेगळा

समुद्री मासे आणि प्रवाळं ठेवलेल्या टँकमध्ये पाणी फिरतं ठेवणारा पंप म्हणजे वेव्हमेकर. हल्लीच्या बहुतेक वेव्हमेकरांच्या कंट्रोलरवर नाइट मोड असतो. तो चालू ठेवला की दिवे मालवल्यावर पंप मंद होतो आणि हॉलमध्ये झोपणाऱ्याला आवाजाचा त्रास होत नाही. समुद्री टँक नव्याने लावणाऱ्याला हे पटतंही: रात्री मासे झोपतात, मग पाणीही निवांत असू दे. मलाही तेच पटलं होतं. एका सकाळी पाहिलं तर दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून कल्ले भराभर हलवत होते. पाण्यावर तेलकट तवंग होता, दुधावर साय धरावी तसा. खाली सम्पमधली, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीतली, पातळी नेहमीपेक्षा चार बोटं वर आली होती. आदल्या रात्री मी वेव्हमेकर अर्ध्यावर आणला होता आणि त्याच झटक्यात सम्पमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंपही.

त्या रात्री मी दोन गोष्टी एकच समजलो होतो. टँकच्या आतल्या आत पाणी किती फिरतं, हा झाला प्रवाह. पाणी आणि हवा यांच्यात वायूंची देवाणघेवाण किती होते, ती झाली हवापालट. दोन्ही पंपांमुळेच होतात, म्हणून गल्लत होते. पण खडकांमध्ये जोरदार प्रवाह असूनही पृष्ठभाग काचेसारखा सपाट असू शकतो. उलट पृष्ठभाग खळखळत असतानाही खडकामागे घाण साचलेली असू शकते. बुडबुड्यांबद्दलही असाच गैरसमज आहे. मोठे बुडबुडे वर जाताना स्वतः फारसा प्राणवायू देत नाहीत, वर पोचून पृष्ठभाग ढवळतात तेव्हा खरं काम होतं.

आता रात्र का महत्त्वाची ते पाहू. २६ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.६ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या वर मावतो. म्हणजे आपली शिल्लक आधीच कमी. दिवसा प्रवाळातली सूक्ष्म शैवालं प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू देतात. दिवे गेले की ते उत्पादन थांबतं, पण मासे, प्रवाळ, खडकातले जिवाणू आणि वाळूतले किडे सगळ्यांचा श्वास चालूच राहतो. कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो. दिवसा ८.२-८.३ असलेला पीएच पहाटे ८च्या आसपास किंवा त्याखालीही दिसतो. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या खोलीत माणसं झोपलेली असतील तर आणखी खाली, कारण खोलीतल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. अशा घरात स्किमरची (पाण्यात बारीक बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली तर फरक पडतो.

ही हवापालटाची बाजू. प्रवाहाची बाजू प्रवाळाच्या कातडीपाशी सुरू होते, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. प्रवाळाच्या अंगाला पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा थर चिकटलेला असतो. आतबाहेर करणाऱ्या प्रत्येक वायूला तो ओलांडावा लागतो. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो, घटला की जाड. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म इलेक्ट्रोडच्या मोजमापांत दिसलं की प्रकाशात प्रवाळाच्या पृष्ठभागावरचा प्राणवायू संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात एरवी मावतो त्याच्या, दुपटीच्याही वर जातो आणि अंधार केल्यावर काही मिनिटांतच शून्याजवळ येतो. भोवतालच्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतानाही! म्हणजे हवापालट उत्तम असली तरी प्रवाह अगदीच मेला तर दाट फांद्यांचं प्रवाळ आतून गुदमरतं.

तांबड्या समुद्रात इस्रायलच्या इलातजवळ याचं सुंदर उदाहरण सापडलं आहे. तिथले छोटे डॅमसेल मासे रात्री प्रवाळाच्या फांद्यांमध्ये शिरून झोपतात आणि झोपेतही पर हलवत राहतात. त्यामुळे फांद्यांमधलं साचलेलं पाणी सतत बदलतं. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. भाडेकरू रात्रभर घरमालकाला वारा घालतो म्हणा ना. ते वाचल्यापासून रात्री पंप पूर्ण बंद करण्याचा विचारही माझ्या मनात आलेला नाही.

मग नाइट मोड वाईटच का? नाही. अनेक प्रवाळं रात्री पॉलिप (प्रवाळावरचे फुलासारखे छोटे जीव) फुलवून अन्न पकडतात. पाणी फार जोरात वाहिलं तर पॉलिपच्या शुंडकांना (बारीक हातांना) कण धरवत नाही, फार मंद असेल तर कण पोचतच नाहीत. मध्यम वेग बरा. गॅलेक्सियासारखी प्रवाळं रात्री लांबलचक डंख मारणारे तंतू सोडतात, आणि प्रवाह रात्रभर एकाच दिशेने राहिला तर शेजारचं प्रवाळ त्यांच्या तडाख्यात येतं. म्हणून रात्री जोरापेक्षा दिशा बदलती ठेवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

‘समुद्र रात्री शांत असतो’ हेही अर्धंच खरं. कोकणात दिवसाचे खारे वारे संध्याकाळी पडतात आणि रात्री मतलई वारे सुटतात, तेव्हा लाटांचा नूर बदलतो खरा. पण भरती-ओहोटी सूर्य मावळला म्हणून थांबत नाही. साधारण सव्वासहा तासांनी पाणी फिरतंच, उधाणाला जोरात, भांगाला संथपणे.

(मालवणच्या किंवा विजयदुर्गच्या खडकांवरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा मोह कृपया कोणाला होऊ नये. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माझ्या टँकमध्ये झोअँथिड, मश्रूम आणि लेदर ही दगडी सांगाडा नसलेली प्रवाळं एवढंच आहे, आणि त्यात मन रमतं.)

आता माझी चूक. वेव्हमेकरला पाणी उचलायचं नसतं, फक्त ढकलायचं असतं. त्याचा वेग अर्धा केला तर प्रवाहही साधारण अर्धा होतो. रिटर्न पंपाला मात्र सम्पमधलं पाणी वर चढवायचं असतं, आणि पंपाची पाणी चढवायची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पूर्ण वेगाला ३ मीटर चढवू शकणारा पंप अर्ध्या वेगाला ७५ सेंटीमीटरच चढवतो. माझा टँक सम्पपेक्षा सव्वा मीटर उंच. पंप फिरत होता, आवाजही येत होता, पण रात्रभर वर थेंबही गेला नाही. ओव्हरफ्लोवरून (टँकचं वरचं पाणी जिथून सम्पमध्ये पडतं तिथून) पाणी पडेना, म्हणून तवंग जागच्या जागी राहिला. स्किमर खाली सम्पमधल्या तेवढ्याच पाण्याला हवा देत बसला. वर मंद वेव्हमेकर खडकांकडे तोंड करून होता, पृष्ठभागाला त्याचा स्पर्शही नव्हता.

तेव्हापासून रिटर्न पंपाला मी रात्री हात लावत नाही. २०० लिटरच्या टँकमध्ये वेव्हमेकर मिळून दिवसा तासाला ६,००० लिटरच्या आसपास पाणी फिरवतात. रात्री ते २५-३० टक्क्यांनी कमी करतो, त्याहून नाही. दोनपैकी एकाचं तोंड किंचित वर वळवलेलं असतं, इतकंच की पृष्ठभाग थरथरावा, पण पाणी उडून कडेला मिठाचे थर चढू नयेत. सम्पमध्ये केटोमॉर्फा शैवाल आहे. त्याचा दिवा मुख्य दिवे गेल्यावर लागतो, त्यामुळे पहाटेची पीएचची घसरण थोडी सावरते. पावसाळ्यात वीज जाते, त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात तयार आहे. त्याचा एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) पृष्ठभागाच्या जवळ लावला तरी चालतो.

प्राणवायू सर्वांत कमी असतो तो दिवे लागायच्या जरा आधी. म्हणून नाइट मोडचं नवं सेटिंग केलं की पहिल्या दोन-तीन पहाटे उठून बघा. टॉर्चचा उजेड बाजूने पृष्ठभागावर टाका. उजेडाची नक्षी सतत हलत असेल, ओव्हरफ्लोवरून पाणी पडत असेल आणि मासे खालीच असतील, तर सेटिंग तसंच राहू द्या. उजेड आरशात पडल्यासारखा स्थिर दिसला तर आधी पंपाचं तोंड वर करा, टक्केवारी नंतर बदला.