रॉजर्स, जिमी
(८ सप्टेंबर १८९७ – २६ मे १९३३). अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातील लोकगीतांतून वाढलेल्या लोकप्रिय संगीताचा, जनक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. जन्मस्थान सामान्यतः मिसिसिपी राज्यातील मेरिडियन असे देतात. मात्र उत्तरायुष्यात त्याने सह्या केलेल्या काही कागदपत्रांत अ‍ॅलाबामातील गायगर, म्हणजे आजोबांचे गाव, नोंदलेले आढळते. वडील रेल्वेत मुकादम होते. जिमीही लहानपणीच रेल्वेत लागला आणि पुढे ब्रेकमन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार) झाला. १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाल्यावर ही नोकरी टिकणे कठीण झाले व तो गाण्याकडे वळला.

४ ऑगस्ट १९२७ रोजी टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअरने त्याची पहिली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. सोबतचे वादक आदल्या दिवशीच त्याला सोडून गेल्यामुळे तो एकटाच गायला. खरी कीर्ती मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन येथे ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या ‘ब्लू योडल’ने मिळवून दिली. या मालिकेत तेरा गाणी आहेत. त्यांची घडण ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखगीतांची : चार-चार मात्रांचे बारा खंड, पहिली ओळ दोनदा, तिला उत्तर देणारी तिसरी ओळ आणि शेवटी योडल, म्हणजे छातीतल्या स्वरावरून वरच्या पातळ स्वरावर झटकन घेतलेली उडी व तितक्याच झटक्याने परतणे. दोन स्वरांमधला सांधा गायक सहसा लपवतो. इथे तो मुद्दाम ऐकवला जातो.

हे योडल त्याच्याकडे कुठून आले, याबद्दल मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फिरलेल्या आल्प्सकडील गायकमंडळ्यांकडे काही अभ्यासक बोट दाखवतात. रंगभूमीवरील गायक एमेट मिलर याच्या गळ्यातली हीच मोड आधीची आहे, आणि रायली पकेटने १९२४ मध्येच योडलयुक्त गाणे ध्वनिमुद्रित केले होते. तेव्हा रॉजर्सला आद्य प्रवर्तक म्हणता येत नाही. तिसरे मत रुळांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या हाळ्यांचे. त्यांना पाणी देण्याचे काम जिमीने केल्याचे सांगतात. उडीचे तंत्र रंगमंचावरचे आणि तिच्यातला ब्लूजचा कढ मजुरांकडचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १६ जुलै १९३० च्या नवव्या ‘ब्लू योडल’मध्ये कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट व लिल हार्डिन आर्मस्ट्राँगचा पियानो त्याच्या गळ्याशी सहज जुळतात, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. तबकडीवर मात्र लुईचे नाव नव्हते.

त्याच्या अनेक गाण्यांच्या रचनेत मेहुणी एल्सी मॅक्‌विल्यम्स हिचा वाटा होता. तो अजूनही पुरेसा सांगितला जात नाही. ‘टी. बी. ब्लूज’मध्ये (१९३१) त्याने स्वतःच्या आजारावरच गाणे केले. न्यूयॉर्कमधील अखेरच्या ध्वनिमुद्रणावेळी दोन गाण्यांच्या मध्ये त्याला खाटेवर पडून राहावे लागे. त्यानंतर दोन दिवसांत तेथेच त्याचे निधन झाले.

१९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्या पहिल्या तिघांत त्याचा समावेश होता. केनियातील किप्सिगिस लोकांच्या गाण्यात त्याचे नाव ‘चेमिरोचा’ या रूपाने आले असून ते १९५० मध्ये ध्वनिमुद्रित झाले. हिंदी चित्रपटसंगीतातील किशोरकुमारच्या योडलमागेही रॉजर्सच्या तबकड्यांचे संस्कार असल्याचे सांगितले जाते.