डिमेन्शिया होणं आणि डिमेन्शिया सापडणं

लग्न झालेल्यांना म्हातारपणी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी होतो की जास्त? २०१८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी १५ अभ्यास एकत्र करून आठ लाखांहून अधिक लोकांची माहिती पडताळली. विवाहितांच्या तुलनेत आयुष्यभर अविवाहित राहिलेल्यांचा धोका ४२ टक्क्यांनी, तर जोडीदार गमावलेल्यांचा २० टक्क्यांनी जास्त निघाला. घटस्फोटितांत ठळक फरक नव्हता. मग २०२५ मध्ये अमेरिकेतल्या २४ हजारांवर वृद्धांचा, १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेला अभ्यास आला आणि पारडं फिरलं. तिथे अविवाहित आणि घटस्फोटितांतच डिमेन्शिया कमी!

बातम्यांनी दोन्ही वेळा लग्नालाच धरलं, आधी पाठ थोपटायला आणि मग कान पिळायला. पण आजार होणं वेगळं आणि आजार सापडणं वेगळं, हे त्यात राहूनच गेलं.

होणं मेंदूत गुपचूप चालतं. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात अमायलॉइड हे प्रथिन लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून साचू लागतं. सापडण्याला मात्र तारीख असते, केसपेपर असतो आणि बहुतेकदा दवाखान्यात सोबत आलेलं माणूस असतं. ‘हे तुम्ही सकाळीच सांगितलंत’ असं म्हणणारं घरात कुणी असेल तर शंका लवकर येते. एकट्या माणसाने सकाळची गोळी दुपारी पुन्हा घेतली तर ते कुणाला कळणार? त्याला स्वतःला तर नाहीच.

२०१८ च्या अभ्यासातच याचा धागा आहे. जिथे प्रत्येकाला प्रत्यक्ष तपासलं, तिथे अविवाहितांचा धोका जास्त दिसला. जिथे फक्त वैद्यकीय नोंदींवर भिस्त होती, तिथे तो त्या मानाने कमी दिसला. म्हणजे नोंदींमधून काही एकटी माणसं निसटत असावीत.

मग २०२५ चं काय? तिथे तर तज्ज्ञ दरवर्षी तपासत होते. पण तिथली माणसं स्वेच्छेने किंवा डॉक्टरांनी पाठवल्यामुळे आलेली, सरसकट निवडलेली नव्हेत. माझा अंदाज असा की, विवाहितांपैकी काहींना काळजीत पडलेल्या जोडीदारानेच तिथवर आणलं असेल. एकटा माणूस आपणहून येतो तो बहुधा अजून खणखणीत असतो. लवकर निदानाची शक्यता त्या संशोधकांनीही मांडली आहे.

सगळाच फरक नोंदींचा खेळ आहे, असंही नाही. २०१८ मध्ये अविवाहितांच्या वाढीव धोक्याचा काही भाग खालावलेल्या शारीरिक आरोग्याशी, तर जोडीदार गमावलेल्यांचा कमी शिक्षणाशी जोडलेला निघाला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरील आयोगाच्या २०२४ च्या यादीत बदलता येण्याजोगे १४ धोके आहेत. सामाजिक एकाकीपणा त्यात आहे, वैवाहिक स्थिती नाही.

आणि जोडीदार नेहमी आजार उघडाच करतो, असं कुठे आहे? कित्येकदा तो झाकतो. बँकेची कामं हळूहळू स्वतःकडे घेतो, अडलेलं वाक्य पुरं करतो, नावं कानात सांगतो, आणि हे सगळं मायेपोटी, नकळत. तो गेला की आधार निघतो. मग मुलं डॉक्टरांना सांगतात, ‘बाबा गेल्यापासून आई विसरायला लागली.’ केसपेपरवर सुरुवात म्हणून तीच तारीख पडते. आईचं विसरणं कदाचित बाबा असतानाच सुरू झालेलं असतं.