अंड्यांच्या कोंबड्या : लहरी हवामानासाठी जातिनिवड

अंड्यांसाठी कोंबड्या पाळताना स्थानिक उष्णता, थंडी, दमटपणा आणि त्यांतील अचानक चढउतार पाहून जात किंवा संकर ठरविणे, यास हवामानानुसार जातिनिवड म्हणतात. पंखे व फवारे बसविलेल्या बंदिस्त शेडमध्ये तिचे महत्त्व बेताचे असते. परसातल्या खुराड्यात मात्र जात चुकली की बाकीचे उपाय तोकडे पडतात. येथे मुख्यतः महाराष्ट्राचा विचार केला आहे.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41° से. असते आणि तिला घामग्रंथी नसतात. तुरा, गळ्याखालचे कल्ले, पाय व उघडी त्वचा यांवाटे उष्णता बाहेर पडते. तेवढ्याने भागेनासे झाले की ती चोच उघडून धापा टाकते. मेमधल्या दुपारी आंब्याखालची माती उकरून, तिच्यात पोट टेकवून, पंख अंगापासून सुटे धरून बसलेली कोंबडी अंगातली उष्णताच बाहेर टाकत असते. धापेमुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते आणि कवच पातळ होते. उन्हाळ्यात उचलताना बोटाखाली दबणाऱ्या अंड्याचे कारण पुष्कळदा हे असते. नुसते शिंपले चारून ते सुटत नाही. हिवाळ्यात अंडी घटली की थंडीला दोष दिला जातो, तोही अर्धाच खरा. भरपूर अंडी मिळण्यासाठी रोज 14 ते 16 तास प्रकाश लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडचा दिवस जेमतेम 11 तासांचा असतो.

‘कोंबडी मूळची उष्ण प्रदेशातली, तेव्हा गावरान जात ऊन सोसणारच,’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो जपून घ्यावा. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून झाली, हे डार्विन यांचे मत (1868) आजही मोठ्या प्रमाणात ग्राह्य आहे. परंतु 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार पिवळ्या त्वचेचा गुण बहुधा राखी रानकोंबड्याकडून, म्हणजे सह्याद्रीत आढळणाऱ्या जातीकडून आला. माणसाळण्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत. सिंधू खोऱ्यातील जुने दाखले आता पूर्वीइतक्या खात्रीने मांडले जात नाहीत. आग्नेय आशियात, साधारणतः साडेतीन हजार वर्षांपूर्वी, हे अलीकडचे मत पुराव्याच्या दृष्टीने अधिक बळकट वाटते. यांपैकी कोणतेही मत धरले तरी पूर्वज पक्षी झाडीच्या सावलीतला आहे, उघड्या माळावरचा नव्हे.

व्हाइट लेगहॉर्न ही इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावावरून ओळखली जाणारी जात हलक्या अंगाची व मोठ्या तुऱ्याची असल्याने उष्णतेत भारी जातींपेक्षा सरस ठरते. ती सहसा खुडूक बसत नाही. व्यापारी वाणाची कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. मोठा तुरा बर्फाळ प्रदेशात गारठून दुखावतो, पण निफाडची थंडीसुद्धा त्या थराला क्वचितच जाते. तिची खरी अडचण वेगळी आहे. संतुलित खाद्य न मिळाल्यास ती लवकर ढासळते, आणि पांढऱ्या कवचाला गावात भाव नाही. तांबूस अंडे ‘गावरान’ म्हणून चढ्या दराने खपते, मग ते कोणत्याही कोंबडीचे असो. ऱ्होड आयलंड रेड व ऑस्ट्रेलॉर्प या तांबूस अंड्यांच्या जाती काटक आहेत. मात्र अंगाने भारी असल्याने उष्णतेच्या लाटेत त्यांना अधिक जपावे लागते.

उघड्या मानेच्या कोंबडीचा विचार या संदर्भात स्वतंत्रपणे करावा लागतो. तिचे मूळ वादग्रस्त आहे. युरोपीय ग्रंथ तिला ट्रान्सिल्व्हेनियाची म्हणतात. काहींच्या मते ती आशियातून, बहुधा तुर्की सत्तेच्या काळात, तिकडे गेली. 2011 मध्ये एडिंबरोच्या रोझलिन संस्थेतील संशोधकांनी या गुणामागील उत्परिवर्तन गुणसूत्र 3 वर दाखविले. त्यामुळे त्वचेतील बीएमपी-12 या प्रथिनाची निर्मिती वाढते व पिसांची वाढ खुंटते. मानेची त्वचा त्याला अधिक संवेदनशील असल्याने मान पूर्ण उघडी पडते. उगम उत्तर रुमानियात, काही शतकांपूर्वी, असे त्यांचे अनुमान आहे व ते तूर्त ग्राह्य धरण्यास हरकत नाही. जनुक अपूर्ण प्रभावी आहे. एका पालकाकडून आल्यास पिसे सुमारे 20 ते 30 टक्के घटतात व मानेच्या तळाशी पिसांचा झुबका राहतो. दोघांकडून आल्यास घट 40 टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्या प्रकारात अंडी उबण्याचे प्रमाण काहीसे कमी असते, शिवाय थंड रात्री ऊब टिकविण्यासाठी खाद्य अधिक लागते. दुपारी 38° व पहाटे 10° अशा फेब्रुवारीतल्या दिवसांसाठी झुबकेवाली कोंबडीच बरी.

बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कारी’) या जनुकाचा ‘हितकारी’ हा संकर तयार केला. तो उष्ण-दमट किनारपट्टीसाठी, म्हणून कोकणासाठीही, सुचविता येतो. उलट्या पिसांच्या कोंबडीपासून ‘उपकारी’, असीलपासून ‘निर्भीक’ व कडकनाथपासून ‘श्यामा’ हे तिथलेच. पहिल्या दोन नावांत ‘कारी’ गुंफण्याची हौस दिसते, पण नावे चपखल आहेत. यांची अंडी वर्षाला 200 च्या आसपास सांगितली जातात. परसात ती कमीच धरावीत. उलटी पिसे उष्णता सोडतात, तशीच अवकाळी पावसात चटकन भिजतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ‘ग्रामप्रिया’ अंड्यांसाठी आहे. ‘वनराजा’ दुहेरी उपयोगाचा असून अंड्यांत मागे पडतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘गिरिराज’ही दुहेरीच.

नंदुरबार-धुळे व लगतच्या गुजरातेतील बुसरा ही नोंदणीकृत देशी जात काटक असली तरी वर्षाला पन्नासेक अंडीच देते. कडकनाथही अंड्यांसाठी घेण्याची जात नव्हे.

महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे खडकी (पुणे), कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे आहेत. संकराची पिल्ले दरवेळी केंद्रातूनच आणावी लागतात. झुबकेवाल्या कोंबडा-कोंबडीची अंडी घरीच उबविली, तर सरासरी चारातले एक पिल्लू भरगच्च पिसांच्या मानेचे निघते.