‘इ.स. ७० मध्ये पूर्ण झालं’ म्हणणारा पुनरागमन नाकारतो का?

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांतून एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात येशूनं सांगितलेली संकटं इ.स. ७० मध्ये घडून गेली असं मानणारा येशूचं पुनरागमन नाकारतो. हे चूक आहे, आणि त्यामुळे चांगल्या विश्वासणाऱ्यांवर अन्याय होतो.

मुळात इथं दोन मतं एकत्र कालवली जातात: ती संकटं तेवढी तेव्हा घडली म्हणणारं ‘आंशिक’ आणि सगळंच तेव्हा घडलं म्हणणारं ‘पूर्ण’. हे सगळं होईपर्यंत ‘ही पिढी’ नाहीशी होणार नाही, असं येशू म्हणतो (२४:३४); आंशिक मतानुसार ती म्हणजे समोर बसून ऐकणारी पिढी. चाळीसेक वर्षांत टायटसच्या रोमी सैन्यानं यरुशलेमला वेढा दिला, मंदिर जाळलं. लूक २१:२०-२१ शेजारी उघडून ठेवा: सैन्याचा वेढा दिसला की यहूदीयातल्यांनी डोंगरांकडे पळावं. सगळं जगच संपणार असेल, तर डोंगरात पळून काय उपयोग? पुनरागमन, पुनरुत्थान आणि न्याय मात्र हे लोक पुढेच मानतात.

पूर्ण मत पुनरुत्थानही उरकलं म्हणतं. ते निकया मतांगीकारात, म्हणजे मंडळ्यांच्या जुन्या विश्वासकबुलीत, बसत नाही. ‘पुनरुत्थान होऊन गेलं’ म्हणणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांना पौलानंही चुकलेले ठरवलं (२ तीमथ्य २:१७-१८).

उलट ही संकटं अजून यायचीत म्हणणाऱ्या काही भविष्यवाद्यांनी ‘पिढी’ इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेपासून, १९४८ पासून मोजली, एका पिढीची ४० वर्षं मिळवली; १९८८ सरलं, शेवट काही आला नाही.

तेव्हा कुणाला पाखंडी म्हणण्याआधी एवढंच विचारा: मेलेल्यांचं पुनरुत्थान अजून व्हायचंय ना?