व्हिडिओ कॅमेऱ्याचे लेन्स फिल्टर

लेन्सच्या पुढे बसवायची आणि आत जाणारा प्रकाश कमी करणारी, गाळणारी किंवा विखुरणारी काच म्हणजे लेन्स फिल्टर. फिल्मच्या काळात रंग जुळवण्यासाठीही काचा लागत; दिव्याच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म उन्हात वापरायची, तर ८५ क्रमांकाची नारिंगी काच चढवावी लागे. डिजिटल कॅमेऱ्यात ते काम व्हाइट बॅलन्स करतो. त्यामुळे आता कसोटी एकच: नंतर संगणकावर जे जमणार नाही, त्यासाठीच काच घ्यावी. या कसोटीला खऱ्या अर्थाने दोनच फिल्टर उतरतात, एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) आणि चकाकी काढणारा पोलरायझर.

एनडी ही करडी काच सर्व रंगांचा प्रकाश सारखाच घटवते. स्थिरचित्र काढणारा ऊन वाढले की शटरचा वेग वाढवून मोकळा होतो. व्हिडिओत तसे करून चालत नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर साधारण १/५० सेकंदावर ठेवतात, कारण हालचालीतला हलका पुसटपणा डोळ्याला हवा असतो. तेच १/१००० वर नेले की कारंज्याची धार तुटून थेंबाथेंबांची होते आणि धावणाऱ्याचे पाय झटके खात पडतात. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि १/५० या जोडीला एफ/२२, म्हणजे लेन्सचे बारीक छिद्र लागते. पार्श्वभूमी धूसर ठेवण्यासाठी एफ/२.८ हे मोठे छिद्र हवे असेल, तर सहा स्टॉप प्रकाश अडवणे भाग आहे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. काचेवरचे ०.३ म्हणजे एक स्टॉप, म्हणून इथे १.८ ची एनडी. काही काचांवर हीच ६४ या आकड्याने छापलेली असते. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग ठरवता यावेत अशा फिकट नोंदीत, चित्रित करताना कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ ८०० असेल, तर आणखी तीन स्टॉप धरावेत.

फिरवून गडद-फिकट करता येणारी व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक दोन पोलरायझर. एकट्याने धावपळीत काम करणाऱ्याला ती फार सोयीची. मात्र टोकापर्यंत फिरवली, की वाइड लेन्सवर चित्रात काळी फुली उमटते. तिच्यावर पुन्हा पोलरायझर चढवू नये.

गडद एनडी घेताना अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचे पाहावेच. साधी काच दिसणारा प्रकाश अडवते, अवरक्त मात्र बराचसा आत सोडते. सेन्सरला तोही थोडाफार दिसतो. मग काळ्या कोटाची बाही तांबूस तपकिरी येते आणि शेजारची काळी पिशवी काळीच राहते. प्रत्येक कापड अवरक्त वेगवेगळा परावर्तित करत असल्याने संगणकावर एकाच फटक्यात हे सुधारता येत नाही. अशा वेळी अवरक्तही अडवणारी आयआरएनडी घ्यावी.

पोलरायझर पाणी, काच आणि पानांवरची चकाकी काढतो. उघड्या धातूवरची काढत नाही. काचेमागचा चेहरा किंवा पाण्याखालचे दगड तिथे नोंदलेच गेले नाहीत, तर ते नंतर कुठून आणणार? बदल्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो. सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश सर्वाधिक गडद होते, त्यामुळे पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, निळाई शॉटमध्येच बदलत जाते. रुंद आकाशाच्या पॅनला तो काढून ठेवलेला बरा.

यूव्ही फिल्टरचा उपयोग आता वाळू आणि समुद्राच्या तुषारांपासून संरक्षणापुरता. रात्री तो काढावा, नाहीतर गाडीच्या दिव्यांची उलटी प्रतिबिंबे चित्रात तरंगतात. प्रकाश विखुरून चित्र मऊ करणारा डिफ्यूजन फिल्टर आवडीचा भाग आहे. पण त्याने आणलेला मऊपणा परत घेता येत नाही, म्हणून १/८ तीव्रतेच्या हलक्या काचेने सुरुवात करावी.

माप ठरवताना संचातली सर्वांत मोठी लेन्स धरावी. ८२ मिमीची एक चांगली काच घेऊन लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठी काच बसवून देणारी जोडकडी) लावणे हे प्रत्येक लेन्सला वेगळी काच घेण्यापेक्षा शहाणपणाचे. फक्त रिंगेवर लेन्सचे मूळ हूड (तिरपा उजेड अडवणारी झडप) बहुधा बसत नाही. आणि कॅमेऱ्यातच एनडीची चकती असेल, तर पहिली खरेदी पोलरायझरची.