इंडिया गेटवरची नावं कोणाची?

‘इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत, त्यात अमुक धर्माचे इतके,’ हा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. स्वातंत्र्यलढ्याबद्दल आदर असलेल्या कुणालाही तो खरा वाटेल. पण कमानीच्या माथ्यावर रोमन अंकांत १९१४ आणि १९१९ ही सालं कोरली आहेत: पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध. कमानीचं उद्घाटन १९३१चं, मग १९४२चे हुतात्मे तिच्यावर कसे असतील? कोरलेली नावं सुमारे १३,००० आहेत, तीही ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या जवानांची. बहुतेक वायव्य सरहद्दीवर पडलेले. मेसोपोटेमियात, फ्रान्समध्ये गेलेल्यांचा माथ्यावरच्या लेखात फक्त उल्लेख आहे. नावापुढे सैनिकी हुद्दा दिसतो. दिल्लीला गेलात तर थांबून एखादं तरी नाव वाचा.